काउंटरवर दोघांतलं एक

४ नोव्हेंबर
इन्स्पेक्टर येऊन गेल्यापासून आमचा संसार घड्याळाच्या तालावर! दुकान उघडं असेल तर फार्मासिस्ट हजर पाहिजे, नाहीतर शटर खाली. फार्मासिस्ट दोघंच – मी आणि प्रदीप. पूर्वी नोकराच्या भरवशावर दुकान सोडून मागे एकत्र डबा खायचो. नियम खोटा नाही म्हणा, औषधं म्हणजे काय चणे-फुटाणे आहेत? पण आता दुपारपर्यंत मी, मग तो. भेट किल्ल्या हातात देण्यापुरती. रात्री तो कामशेतचं दुकान बंद करून लोणावळ्याला घरी येतो तेव्हा मी ढाराढूर!

आज आंदर मावळातल्या भामाबाई महिन्याच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. म्हणाल्या, "ताई, तुमी दोगं कदी संगं दिसतच न्हाई. भांडान हाय का काय?" हसून हसून पुरेवाट झाली.

९ नोव्हेंबर
मिळाली, मिळाली! तिसरी फार्मासिस्ट – नवलाख उंबरे गावची राजेश्वरी. शनिवारपासून येणार. प्रदीप म्हणाला, "सारिका, रविवारी लोहगड! खाली वाडीत पिठलं-भाकरी!" गड उतरून कामशेतला येणाऱ्यांना गुडघ्याचं मलम विकण्यात वर्षं गेली. आम्ही दोघं एक पायरी चढलो नाही.

१२ नोव्हेंबर
आमच्या साहेबांनी गडासाठी नवे बूट आणलेत. घरभर घालून फिरतो, खुळा!

१३ नोव्हेंबर
चार वाजून गेले, प्रदीपचा पत्ता नाही. फोन उचलत नाही. घोरत पडला असणार! समोर ही गर्दी, काउंटर सोडून हलता येत नाही. येऊ दे, आज बघतेच त्याला.

२७ नोव्हेंबर
प्रदीप गेला. त्याच दुपारी.

मी शेवटी शेजारच्या शालूबाईंना फोन केला – जरा उठवा हो त्याला. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. खुर्चीत बसलेला होता म्हणे. पायात नवे बूट, हातात स्कूटरची चावी. निघालाच होता माझ्याकडे. आणि मी दुकानात त्याला शिव्या घालत होते, लोकांना खोकल्याचं औषध देत होते.

शटर ओढून धावले असते तर? डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी बंद पडलं, काही उपयोग नव्हता. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. लोकांची दुखणी सांभाळत बसले, आणि माझा माणूस एकटा गेला.

१ डिसेंबर
दुकान उघडलं. दुपारनंतर राजेश्वरी. मला आता वेळच वेळ आहे. काय करू त्याचं?

४ डिसेंबर
भामाबाई आल्या, सकाळच्या एसटीनं. त्यांना काहीच ठाऊक नाही. सकाळी तो कधी असायचाच कुठे! गोळ्या पिशवीत टाकत म्हणाल्या, "दादा सांजचं येत्यात न्हवं?"

"हो, संध्याकाळी," म्हणाले मी.

राजेश्वरी आली. मी घरी गेले नाही. दाराकडे बघत बसून राहिले.