भाडेकरूचा दाखला

४ डिसेंबर, सकाळ
मी बोलते, फोन लिहितो. मला अक्षर येत नाही, त्यामुळे त्याने काय लिहिलं ते तपासायची सोय नाही. माझ्या म्हाताऱ्याचंही असंच. ऐकून सगळं घेतो, आत काय लिहून ठेवतो देव जाणे.
म्हातारा म्हणजे दोक्सू. बंदरावर जाळी विणतो. घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. टोंगयोंगच्या हॉस्पिटलात आहे. उद्या घरी आणते. आठवड्यात चालायला लावते.

५ डिसेंबर
सोडत नाहीत. काउंटरवरची बाई म्हणते, घरच्यांची सही हवी. म्हटलं, घरची मीच. ती म्हणते, लग्नाची नोंद आहे का?
नाही. नोंदीचा नवरा मला एकदा झालाय. रोज मारायचा. मेला तेव्हा कागद बिनचूक होता.
आता दोक्सूचा पुतण्या ग्यूहो लांबच्या सोल शहरातून येणार, सही करणार आणि काकाला तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवणार. वर्षातून एकदा सुकी मासळी न्यायला येतो तो घरचा. मी परकी.

६ डिसेंबर
वाट सापडली. दोन शेजाऱ्यांनी लिहून द्यायचं, हे दोघं नवराबायकोसारखे राहतात. एवढंच. मी शिंपल्यातली कालवं फोडायला जाते त्या शेडमध्ये माझा शब्द खाली पडत नाही. उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.

७ डिसेंबर
जमसून माझ्या शेजारी राहते, शेजारीच बसून कालवं फोडते. तिला म्हटलं, लिही. म्हणाली, "ताई, लिहू काय? तो भाडेकरू आहे असं तुम्हीच सांगता ना?" म्हटलं, ते लोकांसाठी. म्हणाली, "मग मी कोण, कालव?" आणि पाठ फिरवून बसली.
विधवेच्या घरात पुरुष कशाला, असं विचारणाऱ्यांना काहीतरी सांगावंच लागतं. सांगण्यात माझी चूक नाही. ऐकणाऱ्यांनी अक्कल वापरायला नको?

८ डिसेंबर
हाम न्हावी भला माणूस. माझ्या एका शब्दावर लिहून दिलं, वर शिक्का मारला. मी ऐटीत काउंटरवर ठेवलं. बाईने मोठ्याने वाचलं: दोक्सू हे आजींचे भाडेकरू असून अत्यंत सज्जन आहेत, त्यांच्या वागण्याबद्दल गल्लीत कधीही वावगं ऐकलं नाही.
रांगेतली माणसं हसली.
तशीच तरातरा न्हाव्याकडे गेले. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण, याच्या हातात वस्तरा, म्हणून वाचला. म्हणतो, "आजी, तुमच्या अब्रूची गोष्ट. सरकारी कागदावर मी तुमचं नाव खराब करीन होय?"

९ डिसेंबर, संध्याकाळ
जो तो म्हणतो, लग्नाची नोंद करून टाका, एक फॉर्म भरायचा. यांच्या बापाचं काय जातं? या वयात नवरी झाले तर अख्खी शेड खिदळेल. दोक्सूने तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा भात करपतोय म्हणून उठले.
बरं. करते. उपकार म्हणून. उद्या त्याला सांगते. रडेल बिचारा आनंदाने.

१० डिसेंबर
गेले तर ग्यूहो हजर. काउंटरवरची बाई खाटेपाशी उभी. तिने दोक्सूला विचारलं, या तुमच्या कोण?
तो माझ्याकडे बघून म्हणाला, घरमालकीण.
मी डोळे वटारले. तो घाबरला आणि आणखी मोठ्याने म्हणाला, घरमालकीण. इतकी वर्षं लोकांसमोर मी डोळे वटारले की त्याने हेच म्हणायचं असतं.
ग्यूहोने सही केली. "काका तुमच्या खोलीवर सुखात राहिले, आजी," म्हणत कमरेत वाकला. टाळकं बरोबर हाताशी आलं होतं. मारलं नाही.
लग्नाचं बोलले नाही. पुतण्यासमोर कसं बोलायचं? वसंतात सोलला जाईन, निवांत सांगेन. म्हातारा कुठे पळून जातोय. गाडीत बसवताना त्याने माझी बाही धरली होती. ग्यूहोने सोडवली.

१६ डिसेंबर
बोटीवरचा एक परगावचा माणूस खोली बघायला आला. भाडेकरू गेला ना, म्हणून हामने पाठवलेला. मी काही बोलायच्या आत जोडे काढून आत शिरला. घर बघायला वेळ तो काय लागणार. एक खोली, चूल, एक गादी, दोन उशा.
म्हणाला, "आजी, भाडेकरू झोपायचा कुठे?"
हाकलून दिला मेल्याला.
इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी.