बिट्टीचा कागद

१२ ऑगस्ट

धाकटे,
अनेक आशीर्वाद. काल तुझ्याकडे चहा पिऊन आले आणि आज पत्र लिहितेय, म्हणून हसू नकोस. गुडघा बरा आहे. तुझे भावजी नवा चष्मा हरवून पुन्हा जुन्यावर आलेत. बिट्टीने आज माझ्या पर्समधल्या किल्ल्या वर्गाच्या खिडकीत ओळीने मांडल्या. चार वर्षांची पोर, पण मांडणी अशी नेटकी की मला लाज वाटावी.

समोर बोलायला गेले की तू हसण्यावारी नेतेस आणि मीही नेऊ देते. म्हणून हे तिच्या दप्तरात ठेवतेय.

बालवाडीत आलेल्या प्रत्येक मुलाचा आम्ही एक कागद भरतो. मुलाच्या मागे उभं राहून, हात न हलवता सांगायचं, “चेंडू घे आणि खुर्चीवर ठेव.” ऐकू येतं का, समजतं का, ते तिथे कळतं. वीस वर्षं मी हे करतेय. बिट्टीचा कागद मात्र सहा महिन्यांपूर्वी तुझ्या स्वयंपाकघरात, गप्पा मारता मारता भरला. सगळीकडे ‘येतं’ लिहिलं. माझीच भाची, तपासायचं काय!

सोमवारी नव्या बाईंनी वर्ग घेतला. मी कोपऱ्यात होते. त्यांनी मागून सांगितलं. बिट्टी नुसती उभी. शेजारणीने चेंडू उचलला, तेव्हा तिने उचलला.

“ताई, हिचा कागद कोणी भरला?”

“मीच,” म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

मी तिच्याशी बोलताना बोट दाखवतेच. तूही दाखवतेस. तिने तोंड उघडायच्या आत आपण दोघी तिचं बोलून मोकळ्या होतो.

आणि खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही. तू विचारलं होतंस, “ताई, ही नीट बोलत का नाही?” मीच तुला गप्प केलं, आपल्या घरात सगळे उशिरा बोलतात म्हणून. तुझं बरोबर होतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

कानाचं आहे की बोलण्याचं, मला ठाऊक नाही. पोर हुशार आहे, त्याबद्दल मनात किंतू आणू नकोस. पण मदत जितकी लवकर मिळेल तितकं तिला सोपं जाईल, आणि त्यातले सहा महिने मी घालवले.

मंगळवारी दहा वाजता तपासणीची वेळ घेतलीय. नवा कागद सोबत आहे, खरा भरलेला. हवं तेवढं चिड, वाटेत एक शब्दही बोलू नकोस, पण मला बरोबर ने.

पहिल्या दिवसापासून तिची मावशी, पण तिची बाई व्हायला सहा महिने उशीर केलेली,
तुझी ताई