रस्त्याकडची खोली

मी, शिवकन्या नागप्पा हुडगे, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय समुपदेशन, राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वकील श्रीमंत बिराजदार मसुदा करून देतो म्हणाले होते, पण त्यांच्या मसुद्यात माझी लाज मावली नसती. माझ्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात. डॉक्टर म्हणतात वयामुळे. खरे कारण कलम चारमध्ये आहे आणि ते मी त्यांनाही सांगितलेले नाही.

कलम १. घराच्या मागच्या तीन खोल्या, बँकेतली ठेव आणि चाकूरच्या शिवेवरचे दीड एकर रान माझा मुलगा चि. मलप्पा याला द्यावे. मलप्पा हैदराबादहून रोज फोन करतो आणि आधी विचारतो, “आई, जेवलीस का?” मी हो म्हणते. बाळा, पुष्कळदा ते खोटे होते. खरे असायचे तेव्हा जेवणानंतर काय झाले ते मी सांगत नसे.

कलम २. आरशाचे लोखंडी कपाट आणि त्यातली इरकली लुगडी नणंद रत्नम्मा यांना द्यावीत. १९८० साली मी लग्न होऊन या घरी आले. माप ओलांडायच्या आधी त्या म्हणाल्या, “वैनी, चौकट काढावी लागंल का गं?” सगळे हसले. मीही हसले. त्यांना हे आठवतही नसेल. लुगडी मी फार नेसलेली नाही. आरसा चांगला आहे, पारा कुठे उडालेला नाही.

कलम ३. न्हाणीघरातला वजनकाटा कोणालाही देऊ नये, मोडून भंगारात घालावा. माझ्याकडे आलेल्या मुलींच्या वह्या न उघडता जाळाव्यात. मानसशास्त्राची पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. समासातल्या माझ्या टिपांवर विश्वास ठेवू नये.

कलम ४. या कलमात मिळकत नाही.

चाकूरला आमच्या वडिलांची धान्याची आडत होती. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते, नांदेडला ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेत, वसतिगृहात. सुट्टीला घरी येताना एस.टी. दुष्काळी कामापाशी थांबली. खडी फोडणाऱ्या बायका सुकडी, म्हणजे सरकारी मदतीचे पीठ, घ्यायला रांगेत बसल्या होत्या. खिडकीतले माझे गाल पाहून एक दुसरीला म्हणाली, “दुष्काळ हिच्या घरला गेलाच न्हाई बघ.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. घरी आईने शेंगापोळी वाढली. ती मी खाल्ली आणि परसात जाऊन ओकून टाकली. कोणाचे तरी परत केल्यासारखे वाटले. शाळेत सिस्टर चाळीस दिवसांच्या उपासाला शिस्त म्हणत. तो शब्द मी उचलला आणि त्याच्याआड लपून राहिले.

पुढे लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालये आली आणि त्यांच्यामागून एक महिला समुपदेशन केंद्रही आले. मला तिथे खुर्ची मिळाली. तेव्हापासून मी मुलींना सांगत आले की शरीराशी वैर धरू नका. दुपारी घरी येऊन, दार लावून, मी माझे वैर चालू ठेवले. यंदा नळ पंधरा पंधरा दिवस कोरडा असतो, पिण्याचे पाणी आगगाडीने येते. अशा दिवसांत माझा पुरावा धुवायला मी दोन दोन घागरी ओतल्या. त्या घागरी टँकरच्या रांगेत उभी राहून आमच्या घरकामाची तुळजाबाई आणते. एकदा ती म्हणाली, “बाई, पाणी कुठं जिरून राहिलंय ते मला ठावं हाय. म्या कुणाला सांगत न्हाई. पर रांग लई मोठी असती.”

याहूनही वाईट गोष्ट पुढची. तारामती केंद्रे, लोह्याची, माझ्या हाताखाली शिकलेली समुपदेशक. गेल्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, पोरींना जे करू नका म्हणते, तेच मी करून राहिले. आपल्यासारख्यांनी कुठं जावं?” सारखे ओकून सुजलेले तिचे गाल मी दारातच ओळखले होते. मी म्हटले, “पित्त असेल. सकाळी कोमट पाणी घेत जा.” तेवढ्यावर मी थांबले नाही. तिला तूर्त कामावर ठेवू नये, असा अहवाल मी केंद्राला दिला. ती रोज समोर बसली असती, तर तिने मला ओळखले असते. तो अहवाल खोटा होता. तसे पत्र मी आज केंद्राला पाठवले आहे.

कलम ५. घराची रस्त्याकडची खोली तारामती केंद्रे हिला द्यावी. तिथे फक्त समुपदेशकांनी मोकळे बोलायला यावे, ज्यांना जेवणाशी आणि आपल्या अंगाशी जमवून घेता येत नाही अशांनी. पाटी लावू नये. काटा आणि आरसा ठेवू नये.

कलम ६. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून, सजवलेल्या डोलीत, विमानात घालून, उघड्या तोंडाने सगळ्यांसमोरून नेतील. त्याची मला आतापासून लाज वाटते, तरी रीत मोडू नये. मात्र शेवटचे स्नान तुळजाबाईनेच घालावे, दुसऱ्या कोणी आत येऊ नये. पाण्यात हात आखडू नये. घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी तिची.

दुरुस्ती, त्याच दिवशी, वकिलांच्या कचेरीत.

खोली घेशील का, हे विचारण्यासाठी तारामतीला बोलावले होते. तिने सगळे कागद उभ्यानेच वाचले.

“मॅडम, हे मी तुमच्या मागं वाचायचं होतं?”

“हो.”

“मग तुम्हाला माफ करायचं का न्हाई, हे कुणाला सांगायचं? फोटोला?”

वकील साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

“तुमच्या मरणाची वाट बघायला लावणारी खोली मला नको,” ती म्हणाली. “सोमवारी उघडा. मी येते. तुम्हीबी बसायचं, पण शिकवायच्या खुर्चीत न्हाई.”

“माझं कोण ऐकून घेणार?”

“मुदखेडच्या उमाबाई. चार महिने झाले, मी त्यांच्याकडंच जाते. त्याबी समुपदेशकच, यातून गेल्यात, सोमवारी येतील.”

“माफ केलंस का?”

“अजून न्हाई,” ती म्हणाली. “पर सोमवारी येते.”

सबब कलम ५ रद्द. रस्त्याकडची खोली सोमवार, ६ जून २०१६ पासून, माझ्या हयातीतच, याच कामासाठी उघडेल. माझ्यामागे ती मलप्पाच्या नावे राहील, परंतु एकही समुपदेशक येत असेल तोवर त्याने ती दुसऱ्या कामाला वापरू नये. मिळकत घेणाऱ्यानेच साक्ष केली तर पुढे तंटा होतो, असे वकील साहेबांनी सांगितले. तारामती आता काही घेत नसल्यामुळे तिच्या सहीला अडचण उरली नाही. ती म्हणाली, “पेन द्या.”

सोमवारी ऐन वेळी मी दार उघडणार नाही, हे तिने ओळखले असावे. सही करण्याआधी तिने खोलीची एक किल्ली मागितली. मी दिली.

ठिकाण : लातूर
दिनांक : २ जून २०१६

सही : शिवकन्या नागप्पा हुडगे

साक्षीदार :
१. श्रीमंत बिराजदार, वकील, लातूर
२. तारामती केंद्रे, समुपदेशक, लोहा