काना गेला, ‘प’ आला

प्रति,
मा. उपसंचालक,
नागरी सलोखा व पुनर्वसन कक्ष,
सात रस्ता, सोलापूर.

अर्जदार : श्रीमती सिद्धेश्वरी शिवलिंगप्पा हत्तुरे, समुपदेशक, आघात समुपदेशन केंद्र, खोली क्र. ४, याच इमारतीचा तळमजला.

विषय : एका बाईच्या नवऱ्यास वाहनचालक समजून काढलेले तडजोड बैठकीचे पत्र टपालात न टाकण्याबाबत.

संदर्भ : सदरचेच पत्र. (जावक क्रमांक पडला आहे, पत्र अद्याप पोस्टात पडलेले नाही.)

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार हिने उभी हयात दुखावलेल्या माणसांजवळ बसण्यात घालवली. मनाला बसलेला मार एक्स-रेत दिसत नाही. त्याला या कामात ‘आघात’ म्हणतात. या कामाचा पहिला नियम असा की, आलेल्या माणसाला ‘काय झालं?’ म्हणून खोदून विचारायचे नाही. बसू द्यायचे. आतून आले की तो आपणहून सांगतो. या पद्धतीत कागद फार कमी लागतो. त्यामुळे शासकीय व्याख्येत ती ‘काम’ म्हणून बसत नाही, याची अर्जदारास नम्र जाणीव आहे.

२. गतवर्षी आपल्या कक्षाने मोठ्या मनाने केंद्रास पाटी दिली. पाटी रंगवताना ‘आघात’चा काना गळाला, त्या जागी ‘प’ येऊन बसला आणि केंद्र ‘अपघात समुपदेशन केंद्र’ झाले. अर्जदाराने दुरुस्ती मागितली असता असे कळवण्यात आले की, संगणकाच्या यादीत ‘अपघात’ आहे, ‘आघात’ नाही. सबब पाटी बरोबर असून केंद्र चुकले आहे. अर्जदाराने हे मान्य केले. संगणकाशी वाद घालू नये, एवढे समुपदेशन तिने स्वतःचेही केले.

३. तेव्हापासून मोडलेले पाय, सोललेले गुडघे आणि चेपलेले मडगार्ड केंद्रात येऊ लागले. अभिमन्यू व इंद्रजीत नावाचे दोन रिक्षावाले एकमेकांची गचांडी धरूनच आत आले. अर्जदाराने दोघांना भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. तोंड भरलेले असताना माणसास शिवी देता येत नाही, हा जुना अनुभव आहे. तासाभरात चूक कोणाची हे दोघेही विसरले आणि एकाच रिक्षातून गेले. यावर आपल्या कक्षाने लेखी नाराजी कळवली की, परस्पर समेट झाल्याने नोंदीस प्रकरण उरले नाही. डोकी फुटली असती तर नोंद झाली असती. ही संधी दवडल्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे.

४. आता मूळ तक्रार. मंद्रूपच्या काशम्मा गेले कित्येक महिने केंद्रात येतात. येतात, भिंतीला पाठ टेकतात, शेंगा सोलतात, जातात. कशातून आल्या हे अर्जदाराने विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. परवा आपले निरीक्षक श्री. गुरुराज तपासणीस आले व त्यांनी छापील प्रश्न थेट काशम्मांनाच विचारले. तो संवाद जसाच्या तसा सादर आहे :

“बाई, गाडी कुठली होती? दुचाकी का चारचाकी?”

“गाडी न्हाय वो साहेब. नवरा हाय.”

“म्हणजे चालवत होता तो?”

“घर मीच चालवतो म्हंतो की.”

“धडक देऊन पळून गेला का?”

“यप्पा! त्यो कशाला पळंल? मी पळाले.”

५. इतके महिने ज्या शब्दाची अर्जदार वाट पाहत होती, तो असा वाहनाच्या रकान्यात बाहेर पडला. काशम्मा रडल्या. श्री. गुरुराज हे मनाने वाईट नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावले, पाणी दिले, खिडकीबाहेर पाहिले. नंतर मात्र फॉर्म पुरा करणे भागच होते, म्हणून त्यांनी पुढीलप्रमाणे भरला : वाहनाचा प्रकार – घरगुती वापराचे. चालक – पती. चालकाचा पत्ता – मंद्रूप. जखमीचा सध्याचा पत्ता – सोलापुरात मावसबहिणीचे घर, गल्ली व खुणेसह.

६. त्यावरून आपल्या कार्यालयाने पत्र काढले आहे. त्यात चालकास कळवले आहे की, त्याने तडजोडीसाठी जखमीसह हजर राहावे. जखमीचा पत्ता सोयीसाठी खाली दिला आहे. आणि सात रस्त्यावर गाड्या लावायला जागा नसल्याने उभयतांनी शक्यतो एकाच वाहनाने यावे.

७. महोदय, काशम्मा कुठे आहेत हे ज्या एका माणसाला कळू नये म्हणून त्या अंगावरच्या लुगड्यानिशी निघाल्या, त्या एकाच माणसाच्या नावाचे हे पत्र आहे. अर्जदार भांडणे मिटवते, हे खरे. पण मारणारा आणि मार खाणारी यांच्यातले ते भांडण नव्हे. ते मिटवायचे नसते, थांबवायचे असते. हा फरक आपल्या यादीत नसल्यास अर्जदार स्वखर्चाने रंगवून देईल.

८. आज सकाळी अर्जदार नेहमीप्रमाणे पाटीची चौकशी करण्यास वर आली असता हे पाकीट जावक टेबलावर दिसले, शेजारी पत्राची कार्यालयीन प्रतही होती. लिपिक श्रीमती रेश्मा यांनी सांगितले, “मॅडम, नंबर पडला की पत्र गेलंच म्हणायचं. साहेबांच्या सहीबिगर मागं घेता येत न्हाय, आन् साहेब मीटिंगला गेल्यात.” त्यात त्यांचा दोष नाही. हा अर्ज लिहायला कागदही त्यांनीच दिला. मधून मधून त्या “मॅडम, उठा की वो, टपालवाला येतोय” असे म्हणतात. परंतु आवाज इतका हळू ठेवतात की ते अर्जदारास ऐकू न यावे, अशीच त्यांची इच्छा दिसते.

९. तरी विनंती की, सदर पत्र रद्द करून काशम्मांचा पत्ता आपल्या दप्तरातून काढून टाकावा. आपण मीटिंगहून येईपर्यंत अर्जदार कार्यालयातच आहे. हात उचलायचा नाही, आवाज चढवायचा नाही आणि जागेवरून हलायचेही नाही, हे तिने आयुष्यभर लोकांना शिकवले. आज स्वतः करून पाहत आहे. पाठ दुखते, बाकी ठीक.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत, नम्र,
(सही)
सिद्धेश्वरी शि. हत्तुरे
सोलापूर, दि. १७ जून २०२५

सोबत :
१. नियुक्तीपत्राची सत्यप्रत (त्यात ‘आघात’च आहे).
२. काशम्मांचे, तडजोड नको असल्याचे निवेदन, अंगठ्यासह (तळमजल्यावरून श्रीमती रेश्मा यांनी आणून दिले).
३. मूळ पाकीट जोडता आले नाही. अर्जदार त्यावर बसली आहे.