वरिष्ठपदाची पितळी पाटी

२ मार्च
अखेर नमवलंच! आमच्या विभागप्रमुखाला. सात वर्षं या विद्यापीठात घसा फोडतोय आणि अजून ‘कनिष्ठ व्याख्याता’. रोज केबिनमध्ये जाऊन त्याचं डोकं खाल्लं. आज वैतागून म्हणाला, घ्या बाबा, व्हा वरिष्ठ, पण पगार तोच राहील. पगाराचं विचारलंय कोणी? पितळी पाटी करायला टाकली. स्वखर्चाने.

३ मार्च
माझ्या खोलीत आणखी एक कनिष्ठ बसतो. मी बोलायला लागलो की खोकतो, म्हणून त्याचं नाव मी खोकला ठेवलंय. त्याला बजावलं, यापुढे मला सर म्हणायचं. उत्तरादाखल त्याला ढास लागली. उद्धट कार्टं!

११ मार्च
कनिष्ठांच्या पगारवाढीसाठी गेटवर धरणं. विद्यापीठ सरकारकडे बोट दाखवतं, सरकार विद्यापीठाकडे. दोघेही चोर. भाषण मीच ठोकलं. बाकीचे सतरंजीवर, मी खुर्चीवर. वरिष्ठाने खाली बसणं बरं दिसत नाही. मंत्र्याची झोप उडाली असणार.
खोकला विचारत होता, यात तुम्हाला काय मिळणार? मूर्ख! कनिष्ठांचा वाढला की वरिष्ठांचा त्याहून जास्त वाढणारच. एवढंही कळत नाही, आणि हे शिकवतात.

२५ मार्च
जिंकलो! वाढीचे पैसे सरकार देणार. पेपरात माझं नाव नाही. विकले गेलेत सगळे.
सासऱ्यांच्या मागच्या खोलीत राहून दिवे बंद करण्यावर प्रवचनं ऐकायचे दिवस संपले. त्यांना तोंडावर सांगितलं, तुमची खोली तुम्हालाच लखलाभ. बायको म्हणाली, आधी ऑर्डर तर येऊ द्या. हिचा माझ्यावर कधी विश्वासच नव्हता. भाड्याचा फ्लॅट बघून आलो. दोन बेडरूम, गॅलरी, सासरे नाहीत.

२९ मार्च, सकाळ
ऑर्डर आली. क्लार्कने मुद्दाम चष्मा पुसत पुसत वाचली. वाढ फक्त कनिष्ठांना. वरिष्ठांचं काय, विचारलं. म्हणाला, तुम्हाला मान आहे की. जळतो मेला.

दुपार
प्रमुखाला म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न म्हणून मी पुन्हा कनिष्ठ व्हायला तयार आहे. तो हसला. नालायक. म्हणाला, आनंदाने व्हा, पाटी आजच काढा. पण पैसे आलेत ते सरकारला पाठवलेल्या यादीतल्या नावांपुरते, आणि वरिष्ठ होण्यासाठी भांडून त्यातून तुमचं नाव तुम्हीच काढायला लावलंत.
म्हणजे मी आता कनिष्ठ, आणि वाढही नाही. माझ्याविरुद्ध कट आहे हा.
पाटीचे स्क्रू काढताना खोकल्याने खालून स्टूल धरलं. म्हणाला, सांभाळून, सर. पहिल्यांदाच सर म्हणाला. ढाससुद्धा लागली नाही त्याला. फार वाईट वाटलं.

३१ मार्च
मी बघितलेला फ्लॅट खोकल्याने घेतला. बायको विचारते, आता पाटी शिजवून वाढू का?
संध्याकाळी सासऱ्यांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणाले, राहा, पण दिवे बंद करत जा. मग पाटी मागितली. उलटसुलट करून बघितली, बोटाने जाडी चाचपली. वाटलं, चला, घरात एकाला तरी कदर आहे.
त्यांच्या कपाटाचा एक पाय आखूड आहे. पाटी त्याखाली सरकवली, नाव खालच्या बाजूला. आता कपाट हलत नाही.