नलूताईंची वाटी

६ जानेवारी
नोंद घ्यावी अशी आपत्ती: सकाळचा चहा तासभर पुढे गेला. टीबीच्या गोळ्या अनशापोटी. तोवर मी गॅसकडे बघतो, गॅस माझ्याकडे. गोळ्यांनी लघवी केशरी, राजकीय अर्थ काढू नये.
दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "रोज संगतीत कोन असते?" म्हटलं, कोणी नाही. एकटा आहे.
परी आठवली ती घरी परतताना, राजापेठेत पोचल्यावर.

१४ जाने.
परी, खालच्या नलूताईंची नात, चार वर्षांची. दिवाळीपासून रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर गोष्ट ऐकायची. मी खोकलो की म्हणायची, गोष्टीतला सेमाडोहचा वाघ आला. आता दार लावून घेतो.
"आबा लिहून राह्यले," नलूताई तिला जिन्यात सांगतात. लिहीत काही नाही. पेपरातलं माझं विनोदी सदर दोनदा चुकलं, कोणी विचारलं नाही.

२० जाने.
डॉक्टरांना विचारलं, गोळ्या सहा महिने कशाला? म्हणाले, फुप्फुसातली पहारेकरी पेशी जंतूला गिळते. मग आम्लाची पिशवी येऊन मिळाली की तो जिरतो. टीबीचा जंतू ती मिळूच देत नाही. पहारेकऱ्याच्याच पोटात वर्षानुवर्षं पडून. बाहेरून सगळं ठीक.
"लहान मुलांत?"
"त्यांचा पहारा कच्चा. लवकर तपासावं लागते. आहे काय कोणी?"
"नाही. सहज."

२६ जाने.
अकोल्याहून अक्काचा फोन. "कावून खोकलून राह्यला रे?" धूळ, म्हटलं. इथंही धूळच आहे म्हणाली आणि ठेवला.

२ फेब्रु.
नलूताईंची भरिताची वाटी महिनाभर ओट्यावर. रिकामी परत करायची नाही ही रीत, आणि माझ्या हातचं त्यांच्या घरात जाऊ नये ही अक्कल. सोयीस्कर अक्कल. खाली जाणं टळतं.
संध्याकाळी खाली परी खोकली. दोनदा. सर्दी असेल. गल्लीतल्या सगळ्याच पोरांना...

३ फेब्रु.
वाटी उकळली. सालीसकट एक संत्रं ठेवलं. खाली जाऊन दाराबाहेरूनच सगळं सांगितलं, दिवाळीपासूनचं. नलूताई संत्र्याकडेच बघत होत्या.
"महिना झाला तुमाले माईत होतं, भाऊ?"
"हो."
"अन् मी भरीत धाडून राह्यली."
आतून परी, "आबा आले?"
दार त्यांनी ओढलं. पुरतं नाही. फटीतून म्हणाल्या, "दवाखाना कितीले उघडते?"
"नऊला."
हात बाहेर आला. वाटी घेतली.
जिना चढून वर येईपर्यंत खोकला दाबून धरला.