खिडकीबाहेर टांगलेला थायमिन

१७ फेब्रुवारी १९८३

तीर्थस्वरूप ग्लाफिरा सावेलेव्ना यांना जावई केशाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आपुलकीनंच विचारतोय, पण थोडा स्वार्थही आहे. त्या गुडघ्यासाठी 'दहा दिवसांत येते' म्हणून तुमच्याकडे वोलोग्दाला आलेल्या तुमच्या लेकीला, रिम्माला, आज सत्तेचाळीस दिवस झाले. (जिना उतरता येतो ना आता?)

जावई दिवसभर करतो काय, असं तुम्ही विचारलंत. डीएनएमध्ये थायमिन नावाचा एक घटक असतो. त्यावर अतिनील उजेड पडला की शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना घट्ट धरतात. (बटाटे लावताना उन्हानं तुमचं नाक सोलवटलं, त्यामागे असलेच उद्योग.) नुसता थायमिन पाण्यात विरघळवला तर त्याचे रेणू भटकत राहतात, सहसा जुळत नाहीत, गोठवला की जवळ येतात आणि लेसरनं जोडता येतात. त्याहून आखूड लहरींचा उजेड पाडला की जोडी पुन्हा फुटते. हे वाक्य रिम्माला वाचून दाखवू नका.

तर मंगळवारी लेसरवर माझी पाळी होती. फ्रिज बिघडलेला, म्हणून थायमिनच्या गोठवलेल्या नळ्या तुम्ही पाठवलेल्या, कणकेच्या पारीत खिमा भरलेल्या पेल्मेनींसोबत जाळीच्या पिशवीत घालून प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर टांगल्या. (आमची सगळी इमारत लोणी, सॉसेज तसंच टांगते.) सोमवारी उणे अठरा होतं. मंगळवारी सकाळपासून छपराचं बर्फ ठिबकायला लागलं. दुपारी पिशवी आत घेतली तर नळ्यांत पाणी आणि पेल्मेनींचा एकच गोळा. तरी हट्टानं त्या पाण्यावर संध्याकाळपर्यंत लेसर मारला, हाती शून्य. आमचे प्रमुख वेनियामिन ओसिपोविच पिशवीत डोकावून म्हणाले, "वा केशा, जोडायचे ते सुटे ठेवलेस आणि पेल्मेनी तेवढ्या जुळवल्यास." गोळा उकळून सगळ्यांनी खाल्ला, तुमच्या हाताचं कौतुक झालं. मला मात्र रिम्मा आठवली. तुमच्याकडे यायला निघताना ती म्हणाली होती, "तुला माणूस कशाला हवंय, तुझे रेणू आहेत की." रोज सकाळी मी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. मला ती हवी आहे, ग्लाफिरा सावेलेव्ना.

तुमचा
केशा

ता.क. पेल्मेनी आता पाठवू नका.

ता.क. २. लेसरवर पुढची पाळी दहा मार्चला आहे. तोवर गुडघा बरा होईल का, एवढं कळवा.

ता.क. ३. फ्रिज बिघडलेला नव्हता. नळ्या बाहेर टांगल्या की त्या बघायच्या निमित्तानं दर अर्ध्या तासानं खिडकी उघडता येते, आणि तिथून मॉस्कोहून येणाऱ्या बसचा थांबा दिसतो, वोलोग्दाहून येणारं माणूसही तिथेच उतरतं. मंगळवारी सकाळी दहा वेळा तरी खिडकी उघडली, नळ्यांकडे एकदाही पाहिलं नाही. तिला सांगा, उतरलीस की वर बघ.